शेत रिकामे असते तेव्हा बोंडअळी कुठे असते?

नागपूरहून काटोल, सावनेर किंवा हिंगण्याच्या बाजूला ऑक्टोबर महिन्यात बाहेर पडा आणि कापसाच्या कोणत्याही शेतात शिरा. कमरेपर्यंत वाढलेली पऱ्हाटी दिसेल आणि तिच्यावर लगडलेली हिरवी, टणक बोंडे. त्यातले एखादे बोंड तोडून फिरवून पाहा. कुठे भोक नाही, डाग नाही. आता ते चाकूने उभे चिरा. आतल्या ओल्या कापसात सरकीला तोंड लावून बसलेली, करंगळीच्या नखाएवढी गुलाबी अळी कदाचित तुम्हाला दिसेल. हीच शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी. तिचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठवी-नववीच्या मुलांना घेऊन अशाच एका शेतात गेलो होतो. मुलांनी वीस बोंडे चिरली, सात बोंडांत अळी निघाली. अळीची अंडी, कोष, पतंग वगैरे आम्ही नेहमीप्रमाणे सांगितले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, उन्हाळ्यात तं वावर खाली असते. मंग हे अळी तवा कुठी राह्यते?"

आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण परत येताना लक्षात आले की त्या मुलीने नेमका मुद्दा पकडला होता. अळ्या एवढ्या का वाढल्या, याचे कारण आपण भरलेल्या शेतात शोधतो. त्याचा मोठा भाग रिकाम्या शेतात असतो. या लेखात आपण हा प्रश्न धरून सजीवांची संख्या कशी वाढते आणि कशामुळे थांबते, ते पाहणार आहोत.

शंभरातल्या अठ्ठ्याण्णव

शेंदरी अळीच्या पतंगाची मादी शंभराहून अधिक अंडी घालते. आपण हिशेबाला सोपी म्हणून शंभरच धरू. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार होईपर्यंत साधारण एक महिना लागतो. शंभर अंड्यांतून पन्नास नर आणि पन्नास माद्या निघाल्या आणि एकही मेली नाही, तर?

मुलांना फळ्यावर हा गुणाकार करू द्या. आज एक मादी. महिन्याने ५०. दोन महिन्यांनी २,५००. तीन महिन्यांनी १ लाख २५ हजार. चार महिन्यांनी ६२ लाख ५० हजार. पाचव्या महिन्याच्या अखेरीला ३१ कोटी २५ लाख माद्या आणि तितकेच नर! आणि ही सगळी एकाच मादीची संतती.

असा गुणाकार कोणत्याही सजीवाच्या बाबतीत करता येतो. हत्ती फार सावकाश प्रजनन करतो, तरी त्याची पिल्ले मेलीच नाहीत तर काही शतकांत त्यांची संख्या प्रचंड होईल, हे चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये मांडून दाखवले होते. त्याआधी १७९८ मध्ये माल्थसने माणसाच्या संख्येबद्दल असाच विचार मांडला होता. वाढण्याची ही क्षमता प्रत्येक सजीवात असते. त्यामुळे एखादी जात वाढली, तर "ती वाढली कशी?" असे विचारण्यापेक्षा "तिला अडवणारे काय होते आणि ते कुठे गेले?" असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

आता वरचाच हिशेब उलटा करू. एखाद्या शिवारात पतंगांची संख्या दर पिढीला तेवढीच राहते, असे समजा. म्हणजे एका जोडीच्या जागी पुढच्या पिढीत एकच जोडी आली. याचा अर्थ शंभर अंड्यांपैकी दोनच जीव प्रौढ होऊन प्रजननापर्यंत पोहोचले आणि अठ्ठ्याण्णव मधेच मेले. एवढे मृत्यू होतात, तेव्हा संख्या स्थिर राहते.

समजा, यंदा परिस्थिती थोडी अनुकूल झाली आणि अठ्ठ्याण्णवच्या ऐवजी ब्याण्णव मेले. शेतात उभे राहून पाहणाऱ्याला हा फरक मुळीच जाणवणार नाही. पूर्वीही बहुतेक अळ्या मरत होत्या, आताही मरतात. पण प्रजननापर्यंत पोहोचणारे दोनाचे आठ झाले, म्हणजे दर पिढीला संख्या चौपट होणार. पाच पिढ्यांत ती १,०२४ पट होईल. मृत्यूच्या प्रमाणातला एवढासा फरक आणि परिणाम हजारपट! कीड "एकाएकी" आली असे आपल्याला वाटते, ते यामुळेच. ती एकाएकी येत नाही. चौपटीच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या आपल्या नजरेला दिसत नाहीत, इतकेच.

चार रकान्यांचा जमाखर्च

कोणत्याही ठिकाणच्या सजीवांच्या संख्येचा हिशेब चार रकान्यांत मांडता येतो: जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले. पहिला आणि तिसरा रकाना जमेचा, दुसरा आणि चौथा खर्चाचा. संख्या वाढते ती जमा खर्चापेक्षा जास्त झाल्यावर.

चौथ्या रकान्याचे एक उदाहरण विदर्भातलेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, त्यामुळे त्याचा प्रवास नोंदला गेला. शेते, रस्ते, नदीनाले ओलांडत तो सुमारे तीन हजार किलोमीटर फिरला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. प्रत्येक वाघाला स्वतःचे क्षेत्र लागते. टिपेश्वरसारख्या लहान जंगलात ती क्षेत्रे भरली की वयात आलेल्या नराला बाहेर पडावे लागते. तिथल्या वाघांच्या संख्येला बसलेला हा लगाम आहे.

वाघाच्या मानाने पतंगाला क्षेत्र वगैरे काही लागत नाही. पण त्याच्या बाबतीत तिसरा रकाना महत्त्वाचा. पतंग उडतो, शेजारच्या वावरातून येतो. त्याला धुरा कळत नाही आणि सातबाराही कळत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवू या.

वाढीला लगाम कोण घालते?

बेल्जियमच्या पिएर व्हर्हुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ मध्ये वाढीचे एक सूत्र मांडले. मर्यादित जागेत संख्या आधी सावकाश वाढते, मग झपाट्याने वाढते आणि अन्न व जागा अपुरी पडू लागली की वाढ मंदावून एका पातळीवर स्थिरावते. आलेख काढला तर तो इंग्रजी 'एस' अक्षर किंचित ओढल्यासारखा दिसतो. ज्या पातळीला वाढ थांबते, तिला त्या जागेची धारणक्षमता म्हणतात.

या लगामांचे दोन प्रकार करता येतात. काही लगाम गर्दी वाढेल तसे अधिक आवळले जातात. अन्न कमी पडणे, रोग पसरणे, शत्रूंची संख्या वाढणे हे या प्रकारातले. दुसरे लगाम गर्दीकडे पाहत नाहीत. मे महिन्यातले विदर्भाचे ऊन, अवकाळी गारपीट, नांगरणी यांना शेतात दहा अळ्या आहेत की दहा हजार, याच्याशी कर्तव्य नसते.

निसर्गात हे दोन्ही प्रकार एकत्र काम करतात. जंगलात कापसाच्या जातीचे एखादे झुडूप इथे, एखादे तिथे असते. पतंगाला ते शोधावे लागते. शोधताना तो पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या तोंडी पडतो. माणसाने काय केले? हजारो एकर जमिनीवर एकच झाड लावले. अन्नाचा लगाम आपण सैल केला. शेतातली धारणक्षमता इतकी मोठी झाली की अन्न कमी पडून अळीची वाढ थांबेल तेव्हा शेतकऱ्याच्या हाती काहीच उरलेले नसेल. म्हणून शेतीत व्हर्हुल्स्टच्या वक्राच्या वरच्या टोकाची वाट पाहणे परवडत नाही. लगाम खालच्या टोकाला घालावा लागतो.

बोंडाच्या आत

इतर किडींना मित्रकीटक आवरतात. ढालकिडे मावा फस्त करतात, ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालते. शेंदरी अळीलाही शत्रू आहेत, पण त्यांना फार थोडा वेळ मिळतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. तिने पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. आता ती बंद खोलीत आहे. पक्षी, कोळी तिथे पोहोचत नाहीत आणि फवाऱ्याचे औषधही पोहोचत नाही.

अळी फुलात असली तर पाकळ्या उमलत नाहीत, त्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसणे ही पहिली सूचना असते.

फवारणीचा हिशेबही मुलांना करायला द्या. समजा, शेतात १६,००० अळ्या आहेत आणि फवारणीने त्यातल्या ९० टक्के मेल्या. उरल्या १,६००. दर पिढीला चौपट वाढ धरली तर महिन्याने ६,४०० आणि दोन महिन्यांनी २५,६००. म्हणजे दोन महिन्यांच्या आतच आपण होतो तिथे परत. शिवाय फवारणीत मित्रकीटकही मेले असले तर चौपटीची सहापट होण्याचा धोका आहे. फवारणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. वाढीचा वेग तोच ठेवून फक्त संख्या कापली तर वेळ विकत मिळतो, सुटका मिळत नाही. आणि ही किंमत कधी कधी पैशांपेक्षा फार मोठी असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, हे आपण विसरता कामा नये.

बीटी कापूस आणि उरलेल्या अळ्या

२००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचा एक जनुक कापसात घातलेला असल्याने झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करू लागले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. मृत्यूचा रकाना एकदम भरला. फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले. बोंडअळीचा प्रश्न मिटला असे बऱ्याच जणांना वाटले.

पण कोणत्याही समष्टीत सगळे जीव सारखे नसतात. लाखो अळ्यांत एखादीला ते प्रथिन पचवण्याची क्षमता जन्मतः असते. बीटी नसलेल्या शेतात त्या क्षमतेचा काही उपयोग नसतो. बीटीच्या शेतात मात्र तीच तेवढी वाचते आणि पुढची पिढी तिच्यासारख्यांची होते. यावर उपाय आधीच ठरवलेला होता. बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. त्यांना आश्रयपीक म्हणतात. त्या ओळींत बीटीने मरणाऱ्या भरपूर अळ्या वाढतात. एखादा प्रतिकारक पतंग निर्माण झाला तरी त्याला जोडीदार बहुधा या साध्यांपैकीच मिळतो. त्यांची पिल्ले सहसा बीटीने मरतात. त्यासाठी बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या कापसाचे एक लहान पाकीट दिले जाई. बहुतेक शेतांत ते पेरले गेले नाही. आपल्या हाताने किडीला ओळी वाढून द्यायच्या, हे शेतकऱ्याला कसे पटावे? आणि ते का करायचे, हे समजावून सांगणारेही फारसे कोणी नव्हते.

मग गंमत पाहा. हिरवी बोंडअळी कापसाबरोबर तूर, हरभरा, टोमॅटो अशी कितीतरी पिके खाते. या शेतांमध्ये तिला आपोआप आश्रयपीक मिळाले. शेंदरी अळीचे तसे नाही. भेंडी-अंबाडीसारख्या कापसाच्या भाऊबंदांवर ती कधीमधी सापडते, पण तिचे खरे अन्न कापूस आणि कापूसच. सगळा कापूस बीटी झाला तेव्हा तिच्या प्रत्येक पिढीची त्याच चाळणीतून निवड होत राहिली. २०१० मध्ये गुजरातेतल्या काही जिल्ह्यांतल्या अळ्या एका जनुकाच्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत दोन जनुकांच्या वाणावरही ती दिसू लागली. २०१७ च्या हंगामात तर विदर्भासह राज्याच्या मोठ्या कापूस पट्ट्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. त्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नुकसानभरपाईची घोषणा करावी लागली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे

फक्त कापसावर जगणे हे शेंदरी अळीला भोवायलाही हवे. कारण विदर्भातला कापूस मुळात पावसावरचा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणी आणि मग पुढच्या जुलैअखेरपर्यंत शेतात पाते नाही, फूल नाही, बोंड नाही. फक्त कापूस खाणाऱ्या जिवाने हे सहा-सात महिने काढायचे कसे?

थंडी सुरू झाली आणि दिवस लहान झाले की शेवटच्या पिढीतल्या काही अळ्या कोषात न जाता निद्रावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत त्या गुंडाळून बसतात. कोणी वाळलेल्या, न फुटलेल्या बोंडात, कोणी जमिनीवरच्या पालापाचोळ्यात, कोणी जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगात, तर कोणी घरामागे जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाऱ्यात. त्या मुलीला द्यायचे उत्तर हे होते: वावर खाली असते तेव्हा अळी तुमच्या-आमच्या अंगणात असते.

तरीही या काळात तिचे हाल होतात. उन्हाने मरतात, नांगरणीने उघड्या पडून पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. ज्या वाचतात त्यांचे पतंग उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर बाहेर पडू लागतात. पतंगाचे आयुष्य आठ-पंधरा दिवसांचे. त्या वेळी शेतात पातेच नसेल तर अंडी घालूनही उपयोग नाही. ते पतंग निर्वंश मरतात. ज्यांचे बाहेर पडणे उशिरा होते, त्यांनाच पाते सापडते. रिकामे शेत हा असा सगळ्यात जबरदस्त लगाम आहे. त्याला पैसा लागत नाही, त्याने मित्रकीटक मरत नाहीत आणि त्याचा प्रतिकार करणारी अळी सहजासहजी निपजत नाही.

हा लगाम दोन ठिकाणी सुटला. पहिले ठिकाण फरदड. जिथे विहिरीला पाणी आहे तिथे डिसेंबरनंतर पऱ्हाटी न उपटता एक-दोन पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याही पुढे कापूस घेतला जातो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक दिसत नाही. खर्च आधीच झालेला असतो, जे येईल ते पदरात पडते. ज्या वर्षी आधीचे पीक हातचे गेले, त्या वर्षी तर फरदडीवरच घर चालते. दुसरे ठिकाण पावसाआधीची पेरणी. मे महिन्यात ओलितावर पेरलेल्या कापसाला लवकर पाते येते आणि जे पतंग उपाशी मरायचे, त्यांना ते आयतेच मिळते. फरदड मागच्या हंगामाचे शेवटचे टोक लांबवते, लवकरची पेरणी पुढच्या हंगामाचे पहिले टोक अलीकडे ओढते. मधला उपासाचा काळ दोन्हीकडून आक्रसतो.

दहा आणि हजार

याने किती फरक पडतो? पुन्हा चौपटीचा हिशेब करू. आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत. एका शेतात ऑगस्टच्या सुरुवातीला पाते लागते आणि अळ्या १०,००० झाल्या की नुकसान सोसवेनासे होते, असे समजा.

पहिल्या गावात फरदड होती. तिथे ऑगस्टमध्ये शेतात १,००० अळ्या आहेत. सप्टेंबरात ४,०००, ऑक्टोबरात १६,०००. पहिली वेचणी होते न होते तोच मर्यादा ओलांडली.

दुसऱ्या गावाने डिसेंबरअखेर सगळी पऱ्हाटी काढली, ढीग हलवले, पाऊस पडल्यावरच पेरले. तिथे ऑगस्टमध्ये १० अळ्या आहेत. सप्टेंबरात ४०, ऑक्टोबरात १६०, नोव्हेंबरात ६४०, डिसेंबरात २,५६० आणि जानेवारीत १०,२४०. मर्यादा इथेही ओलांडली, पण कापूस तोवर घरात आलेला आहे.

दोन्ही गावांत अळीचा वाढीचा वेग एकच आहे. बियाणे तेच, हवामान तेच. फरक फक्त सुरुवातीच्या संख्येचा. वेगाने वाढणाऱ्या जिवाला आपण कायमचे थांबवू शकत नाही. पण तो किती उशिरा मोठा होईल, हे ठरवू शकतो. पिकाचे आयुष्य मर्यादित असल्यामुळे तेवढा उशीर पुरतो. कमी दिवसांत तयार होणाऱ्या वाणांवर भर का दिला जातो, त्याचे कारणही हेच. नागपूरला १९७६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत लवकर येणारे, दाट लागवडीचे वाण हा संशोधनाचा एक मोठा विषय राहिला आहे.

पण दुसऱ्या गावातल्या एकट्या शेतकऱ्याने हे केले तर? इथे तिसरा रकाना आडवा येतो. शेजारच्या फरदडीतले पतंग धुरा ओलांडून येतील आणि त्याच्या १० च्या ३०० होतील. शेत एकाचे असते, पण पतंगांची समष्टी शिवाराची असते. म्हणून उपायही शिवाराने मिळूनच करायचा आहे. आम्हाला वाटते, या विषयात समजायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

हे कुठे जमले आहे का?

जमले आहे. शेंदरी अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, तेच मुळी भारतातल्या नमुन्यांवरून. पुढे ती सरकीबरोबर जगभर गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इजिप्तमध्ये, १९११ मध्ये मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ती पोहोचली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर केले.

हे एका औषधाने झाले नाही. ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी काढून जमीन नांगरणे सक्तीचे केले गेले. बीटी कापूस लावला आणि ॲरिझोनात अनेक वर्षे आश्रयपीकही नीट पाळले. संख्या कमी झाल्यावर प्रयोगशाळेत वाढवून किरणांनी वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले. रानातल्या मादीला जोडीदार भेटला तरी तो बहुधा वांझच असे. शिवाय संख्या फार घटली की नर-मादीची गाठ पडणेच अवघड होते. गर्दी जशी वाढीला मारक ठरते, तसा अतिविरळपणाही ठरतो. चीनमध्ये यांग्त्से नदीच्या खोऱ्यात वेगळेच घडले. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित कापसाचे दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे पेरले. त्यात सुमारे पाव झाडे बीटी नसलेली निघत. आश्रयपीक आपोआप शेतभर विखुरले गेले आणि अळीचा प्रतिकार वाढायचा थांबला.

आपल्याकडची शेते लहान, शेतकरी लाखोंनी. अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी इथे बसणार नाही. पण अन्नाविना गेलेला काळ लांबवणे, हा त्यातला भाग विदर्भातल्या कोणत्याही गावाला जमण्याजोगा आहे.

वर्गात करून पाहा

१. आलेख कागदावर वरच्या दोन गावांचे आलेख मुलांना काढू द्या. मग वाढ चौपटीऐवजी तिप्पट धरली तर मर्यादा कोणत्या महिन्यात येते, ते काढायला सांगा. वेग कमी करणे आणि सुरुवात लहान करणे, यातले काय अधिक फायद्याचे, यावर चर्चा होऊ द्या.

२. दोन बरण्यांत सारखे पीठ घ्या. किडलेल्या पिठातले दहा-दहा तांबडे किडे दोन्हींत टाकून तोंडाला पातळ कापड बांधा. एका बरणीत दर पंधरा दिवसांनी किडे तसेच ठेवून पीठ बदला. दुसरीत पीठ तेच राहू द्या. दर पंधरा दिवसांनी चाळणीने चाळून किडे मोजा. तीन-चार महिने चालणारा प्रयोग आहे. धारणक्षमता या शब्दाचा अर्थ मुलांना स्वतःच्या आकड्यांतून कळेल.

३. गावात कापूस असेल तर फवारणी झालेली नसल्याची खात्री करून आणि मालकाची परवानगी घेऊन शेतात जा. वेगवेगळ्या वीस झाडांवरचे प्रत्येकी एक हिरवे बोंड घेऊन चिरा. वीसपैकी दोन किंवा अधिक बोंडांत अळी असेल तर उपाय करण्याची वेळ झाली, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. दर आठवड्याला हीच मोजणी करून तक्ता शाळेच्या फळ्यावर लावा.

४. जानेवारीत मुलांनी गावाचा एक नकाशा काढावा. कुठल्या वावरात पऱ्हाटी अजून उभी आहे, कुठे ढीग रचले आहेत, जिनिंग किती दूर आहे, हे त्यावर दाखवावे. कोणाचे नाव लिहू नये, कोणाला दोष देऊ नये. तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा.

यातला चौथा उपक्रम आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बोंडअळीची मोजदाद आपण ऑक्टोबरात सुरू करतो. तेव्हा ती हजारांत असते आणि आपल्या हातात फवारा सोडून काही नसते. ती दहांत असते तेव्हा जानेवारी ते जून असतो, शेत मोकळे असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. मोजायला सुरुवात तिथून करायला हवी.